सांगलीच्या उन्हात पॅनोरॅमिक घ्यावा का साधा सनरूफ

गेल्या वर्षभरात पाहुण्यांतल्या आणि मित्रांतल्या पाच-सहा जणांनी मला हेच विचारलं, की एवढी गाडी घेतलीस तर थोडे अजून टाकून पॅनोरॅमिकवालं, म्हणजे छतभर काचेच्या सनरूफचं व्हेरियंट का नाही घेतलंस. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो, ज्याला गाडी बुक करायचीय त्याच्या कामाला येईल. मी काही थर्मामीटर लावून मोजमाप केलेलं नाही, दोन्ही गाड्या आपल्या रस्त्यांवर आपल्या उन्हात चालवून जे जाणवलं तेच सांगतोय, कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

पॅनोरॅमिकची गाडी माझी नाही, दाजींची. त्यांची बदली बाहेरगावी झाली तेव्हा सात-आठ महिने ती आमच्या दारात होती आणि मीच चालवायचो, नोव्हेंबरपासून पार जूनच्या पावसापर्यंत. त्यानंतर मी माझी गाडी घेतली ती साध्या, एका काचेच्या सनरूफची. म्हणजे आधी मोठा वापरला आणि मग छोटा निवडला, हे क्रमानं लक्षात ठेवा.

आता आधी प्रकार कुठले ते थोडक्यात सांगतो. छोटा सनरूफ म्हणजे पुढच्या दोन सीटच्या वर एक काच, ती मागून तिरकी उचलते नाहीतर सरकून छताच्या पत्र्याखाली जाते. पॅनोरॅमिक म्हणजे जवळजवळ सगळं छतच काचेचं, त्यातली बहुतेक गाड्यांत पुढची काच उघडते आणि मागची फिक्स असते. आणि तिसरा प्रकार हल्ली इलेक्ट्रिक गाड्यांमुळं आलाय, नुसतं काचेचं छत, उघडायचं काहीच नाही, एमजी विंडसर किंवा महिंद्राच्या बीई 6 मध्ये आहे तसं. पाच-सात वर्षांपूर्वी पॅनोरॅमिक म्हटलं की मोठी गाडीच लागायची, आता 2024 पासून एक्सयूव्ही 3एक्सओ आणि नेक्सॉनसारख्या चार मीटरच्या आतल्या गाड्यांत पण मिळायला लागला, म्हणून हा प्रश्न आता सगळ्यांनाच पडतोय.

पण एक गोष्ट ब्रोशरमध्ये ठळक कुठंच लिहीत नाहीत आणि शोरूममध्ये एसीत उभं राहून ती कळत पण नाही. काचेच्या खाली काय आहे, ती गोष्ट. छोट्या सनरूफच्या खाली बहुतेक गाड्यांत एक घट्ट, न वाकणारा पॅनल असतो, छताच्याच कापडानं मढवलेला, हातानं पुढं ओढायचा की काच आहे हेच विसरायला होतं. पॅनोरॅमिकला एवढा मोठा घट्ट पॅनल सरकवून ठेवायला जागाच नसते, म्हणून तिथं बहुतेक वेळा गुंडाळला जाणारा कापडी पडदा देतात, बटण दाबलं की मोटर तो ओढते. दिसायला लई भारी दिसतं. मला पण पहिले तीन-चार महिने भारीच वाटलं, कारण थंडी होती.

मग एप्रिल आला. आईला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं म्हणून आई, अण्णा, बायको आणि पोरगी अशी सगळी दाजींच्या गाडीतनं कोल्हापूरला गेलो, सकाळी जाताना काही त्रास नाही, परत निघायला दीड वाजला आणि गाडी तोपर्यंत तीन तास उन्हात पार्क होती. पडदा पूर्ण बंद, एसी फुल, पुढं मला तर जॅकेट घालावं इतकी गार हवा लागत होती. हातकणंगले सोडलं आणि आरशात बघतो तर अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतलेला. चालत्या गाडीत, एसी चालू असताना. म्हटलं अण्णा काय झालं, तर म्हणाले, "आरं वरनं झळ मारतीया, टाळू तापली." मला आधी पटलं नाही, गाडी बाजूला घेतली आणि मागच्या सीटवर बसून हात वर करून त्या पडद्याला तळवा लावला, तर कापड नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखं गरम. आणि त्याच्या बाजूचा, जिथं काच संपून पत्रा आणि अस्तर सुरू होतं तो भाग साधाच होता, हात ठेवला तर काही जाणवत नव्हतं. अर्ध्या वितीच्या अंतरात एवढा फरक.

आमच्या तासगाव भागात ज्यांनी बेदाणा केलाय त्यांना हे लगेच कळेल. बेदाण्याच्या शेडला बाजूनं नेट लावतो ती उजेड मारते, थेट ऊन लागू देत नाही, पण शेडमधली गरमी काय ती नेट अडवत नाही, उलट आपल्याला तिथं वारा आणि गरमी दोन्ही हवीच असते, त्यावरच द्राक्ष सुकतं. गाडीतला तो कापडी पडदा तसाच आहे, डोळ्यावरचा उजेड कमी करतो म्हणून वाटतं की ऊन अडलं. काच स्वतः ऊन पिऊन तापते, तिची झळ पडद्याला तापवते आणि पडदा खाली आपल्या डोक्यावर फेकतो. एसी हवा गार करतो हो, वरनं येणारी झळ तो काही करू शकत नाही, भट्टीसमोर पंखा लावून बसल्यासारखं होतं. पुढच्या सीटवर समोरनं एसीचा झोत चेहऱ्यावर असतो म्हणून ड्रायव्हरला हे जाणवतच नाही, आणि गाडी घ्यायचा निर्णय ड्रायव्हर करतो.

त्या एका दिवसात माझं ठरलं असं म्हटलं तरी चालेल. मे महिन्यात अजून दोनदा तसंच झालं, एकदा हळदीच्या सौद्याला अण्णांना घेऊन मार्केट यार्डात गेलो होतो तेव्हा तर येताना ते पुढं बसले आणि मागची सीट रिकामी आली. आपल्याकडं मार्च ते मे पारा 40 च्या आसपास खेळतो, आणि आपल्या घरात मागच्या सीटवर कोण बसतं, तर म्हातारी माणसं आणि लहान पोरं. माझी चूक म्हणाल तर हीच, की त्या दिवसापर्यंत मी कधी मागं बसून बघितलंच नव्हतं.

माझ्या गाडीत आता तो घट्ट पॅनल ओढला की विषय संपतो. उन्हात उभी राहिलेली गाडी तापतेच, कुठलीही तापते, पण पंधरा-वीस मिनिटं एसी चालला की डोक्यावर काही राहत नाही. जुन्या काळी सनरूफला काच नव्हतीच म्हणे, पत्र्याचंच सरकणारं झाकण असायचं, काचेचा प्रकार अमेरिकेत लिंकनच्या गाडीत 1973 ला आला आणि त्याला मूनरूफ म्हणायला लागले. आपल्याकडं सगळ्यालाच सनरूफ म्हणतात. मला विचाराल तर पत्र्याच्या झाकणाचा जो गुण होता, बंद म्हणजे खरंच बंद, तो त्या घट्ट पॅनलमध्ये बराचसा राहिलाय.

दुसरी गोष्ट काजळीची. ही फक्त आपल्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला सांगायला लागते, पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूत कुणी बोलणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की सकाळी गाडीवर काळे पापुद्रे पडलेले असतात, काही कारखान्याच्या धुराड्याचे, काही ऊस पेटवून तोडतात त्याचे. उघडणारा सनरूफ कुठलाही असो, तो शंभर टक्के पाणी अडवेल असा बनवलेलाच नसतो, रबराच्या कडेनं थोडं पाणी आत येतं ते खालच्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यातल्या बारीक नळ्यांतनं गाडीच्या खांबांमधून खाली जातं. त्या नळीचं तोंड केवढं, तर करंगळीपेक्षा बारीक. काजळी, धूळ, कडुनिंबाचा फुलोरा आणि काच सरकते त्या रुळाला लावलेलं ग्रीस यांचा मिळून जो चिखल होतो तो बरोबर तिथं बसतो. दाजींच्या गाडीत जूनच्या पहिल्या वळवाला आरशाजवळच्या लाईटमधून टपटप सुरू झालं, आम्हाला वाटलं काच फुटली का काय, निघाला तो नळी चोंदल्याचा प्रकार.

छोट्याला पण या नळ्या असतातच, त्यामुळं इथं मी पॅनोरॅमिकला एकट्याला दोष देत नाही. फक्त पन्हाळ छोटी, घाण बसायला जागा कमी, आणि काच पूर्ण सरकवून ओल्या फडक्यानं सगळं पुसून घ्यायला पाच मिनिटं लागतात. कुठलाही घेतलात तरी एक सवय लावा, दिवाळीनंतर आणि मेच्या शेवटी अशी दोनदा काच उघडून कोपऱ्यात हळूहळू अर्धा ग्लास पाणी ओता आणि खाली चाकाजवळ ठिबकतंय का बघा. ठिबकलं नाही तर कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, नळी आतल्या आत जोडातनं निसटते आणि मग सगळं छताचं अस्तर उतरवायला लागतं, त्यापेक्षा गवत कापायच्या मशीनची, ब्रश कटरची, जाड नायलॉन दोरी असते ती हळू सरकवली की काम होतं.

आवाजाचं थोडक्यात. छताला जेवढं मोठं भोक तेवढी गाडीची बॉडी खराब रस्त्यावर पिळवटते आणि काचेच्या कडेचं रबर कुरकुरायला लागतं. दाजींच्या गाडीत आमच्या गावाकडच्या रस्त्याला सहाव्या-सातव्या महिन्यात हा आवाज सुरू झाला होता, रबर पुसून सिलिकॉन लावलं की पंधरा दिवस शांत. माझ्या गाडीत अजून तरी नाही, पण माझी गाडी नवी आहे हे पण खरं. उघडा ठेवल्यावर कानात जो धबधब असा दाब येतो तो मात्र दोन्हीत येतो, मागची एक काच बोटभर खाली केली की जातो.

नुसत्या काचेच्या छताबद्दल माझा अनुभव मित्राच्या गाडीतल्या दोन फेऱ्यांपुरता आहे म्हणून जास्त बोलत नाही. त्यात रूळ नाही, मोटर नाही, नळ्या नाहीत, म्हणजे चोंदायचा आणि कुरकुरायचा प्रश्नच बराचसा मिटतो, हे मला आवडलं. पण उन्हाचं गणित तेच राहतं आणि वर गरम हवा बाहेर काढायची सोय पण नाही. छोट्या सनरूफचा माझा सगळ्यात जास्त वापर याच कामाला होतो, तापलेल्या गाडीत बसलो की काच मागनं नुसती तिरकी उचलायची, गाडी चालायला लागली की वरनं वारा जाताना आतली कोंडलेली गरम हवा ओढून घेतो, दोन-तीन मिनिटांनी बंद करून एसी लावायचा.

आता पॅनोरॅमिकच्या बाजूनं जे आहे ते पण सांगितलंच पाहिजे, कारण ते खोटं नाही. जूनच्या शेवटी दाजी गाडी न्यायला आले तेव्हा आम्ही सगळे त्याच गाडीतनं आंबा घाटातनं रत्नागिरीला जाऊन आलो. धुकं खाली उतरलेलं, पाऊस काचेवर पडतोय, पोरगी मागच्या सीटवर मान टाकून वर बघत होती आणि साखरप्यापर्यंत एकदाही मोबाईल मागितला नाही. झाडांच्या फांद्या डोक्यावरनं जाताना दिसतात, आख्खी गाडी मोकळी वाटते, काळ्या इंटिरियरचा कोंदटपणा जातो. छोट्या सनरूफमध्ये मागच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, माझी पोरगी आता तक्रार करते आणि तिची तक्रार रास्त आहे. ज्याचं राहणं महाबळेश्वर-पाचगणीकडं आहे, किंवा ज्याची गाडी दिवसभर सावलीत आणि फिरणं संध्याकाळी, त्यानं पॅनोरॅमिक घेतला तर मी त्याला चुकला म्हणणार नाही. पोरांना मात्र दोन्हीतल्या कुठल्याच सनरूफमधून बाहेर उभं करू नका, एक अचानक ब्रेक लागला किंवा संक्रांतीच्या दिवसांत मांजा आडवा आला तर काय होईल याचा विचार करवत नाही.

साध्या छताच्या गाडीला बाहेर दुकानात छत कापून सनरूफ बसवून देतात, ते मात्र नकोच. पत्रा कापला की गंज, वॉरंटी आणि इन्शुरन्सच्या भानगडी, शिवाय ऊसपट्ट्यात पाणी गळणार ते वेगळंच.

सांगली, मिरज, तासगाव, पलूस, जत इकडं राहणारा असाल, गाडी दिवसा उन्हात उभी राहत असेल आणि घरात साठीच्या पुढचं कुणी मागं बसत असेल, तर मला तरी छोटा बरा वाटतो. राहिलेल्या पैशात चांगले टायर घ्या. तरीही पॅनोरॅमिकवर मन असेल तर बुकिंगच्या आधी एकच करा, सकाळची ट्रायल घेऊ नका. दुपारी एकच्या पुढं जा, गाडी तासभर बाहेर उन्हात लावायला सांगा, पडदा बंद करा, आणि घरातलं म्हातारं माणूस मागं बसवून अंकलीपर्यंत जाऊन या. चालवायला दुसऱ्याला द्या, तुम्ही पण मागंच बसा, आणि हात वर करून पडद्याला लावून बघा.