बिंदूवरची कॉइल, ईईजीचा आलेख आणि मध्ये तडमडणारा 'टक्': सात महिन्यांच्या वापरानंतर

ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर सुईऐवजी चुंबकीय पल्स देणारं मशीन, आणि त्याच वेळी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी घेतलेला मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी: या जोडीबद्दल हे मत. मशीनची स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. आठाच्या आकड्याची कॉइल, प्रत्येक पाकळी 70 मिलिमीटर, पृष्ठभागावर साधारण दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र, दोन-तीनशे मायक्रोसेकंदांची दुहेरी पल्स. त्यात वेळ घालवत नाही. पहिल्या तीन महिन्यांत विचारलं असतं तर सरळ पाच तारे दिले असते. आज तीन, आणि बराचसा दोष एका आवाजाचा आहे.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. डोक्यावर कॉइल ठेवून ईईजी घेतलेल्यांना माहीत आहे की प्रत्येक पल्सला ॲम्प्लिफायरची कशी दातखीळ बसते. इथे कॉइल मनगटावर किंवा गुडघ्याखाली, म्हणजे इलेक्ट्रोडपासून हातभर लांब. दर सेकंदाला 5000 नमुने, इलेक्ट्रोडचा रोध 5 किलोओहमच्या खाली आणि टोपीच्या वायरी कॉइलच्या केबलपासून दूर, वेटोळं न होऊ देता नेल्या, तर आलेख काही मिलिसेकंदांत सावरतो. एकच खोच: पल्सनंतर कपॅसिटर पुन्हा चार्ज होताना बारीक टोक उमटतं. मेनूत रिचार्ज लांबवायची सोय असेल तर ते टोक विश्लेषणाच्या खिडकीबाहेर ढकला. घरच्या विजेची गुणगुण गाळणारा 50 हर्ट्झचा नॉच फिल्टर रेकॉर्डिंगच्या वेळी बंदच ठेवा. पल्सवर तो लाटांमागून लाटा काढतो आणि नंतर त्या पुसता येत नाहीत.

आता बिंदू. पीसी-6 म्हणजे नेइग्वान: मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने दोन त्सुन, दोन कंडरांच्या मधोमध. त्सुन म्हणजे त्या माणसाच्याच अंगठ्याची रुंदी, पट्टीवरचे सेंटिमीटर नव्हेत. त्या बिंदूच्या बरोबर खाली मीडियन नस जाते (नस म्हणजे इथे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे). कॉइलची मूठ हाताच्या लांबीला समांतर धरली की नसेच्या दिशेने विद्युतक्षेत्र तयार होतं आणि अंगठा टुणकन उडतो. तो उडेपर्यंत आउटपुट पाच-पाच टक्क्यांनी वाढवा, उडू लागला की तिथेच थांबा. गुडघ्याखालच्या एसटी-36 ला, म्हणजे झुसानलीला, नडगीच्या कडेपासून बाहेर एक बोट. तिथे पाऊल वर उचललं जातं. खूण दिसली नाही तर पल्स नक्की कुठे पोचली ते सांगता येत नाही.

पण 'बिंदू' हा शब्द जरा जपून वापरा. सुई मिलिमीटरच्या हिशोबात चालते, ही कॉइल सेंटिमीटरच्या. त्यातून सरळ जाणारी नस कॉइलच्या मध्याखाली पेटतच नाही. क्षेत्र जिथे झपाट्याने बदलतं तिथे, मध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर सरकून पेटते. म्हणून तुलनेसाठी खोटा बिंदू म्हणून शेजारची दोन सेंटिमीटरवरची जागा घेणारे स्वतःचीच फसवणूक करतात. कॉइलच्या दृष्टीने ती तीच जागा. तुलनेचा बिंदू घ्यायचा तर दुसऱ्या नसेवरचा तरी घ्या.

(चिकटवायच्या चुंबकांच्या टिकल्यांशी तुलना करणाऱ्यांसाठी: स्थिर चुंबक स्थिर त्वचेवर प्रवाह निर्माण करत नाही. तो विषयच वेगळा.)

आता तो आवाज. पल्सच्या क्षणी कॉइलमधून हजारो अँपिअर जातात, तांब्याचे वेढे एकमेकांना ढकलतात आणि 'टक्' होतो. वितरकाचं उत्तर एकच: हा मशीनचा स्वभाव आहे. मान्य. पण मेंदूला तो ऐकू येतो, त्याचं काय?

करून बघा. मनगटावर पीसी-6 ला 200 पल्स द्या, सरासरी काढा. 20 मिलिसेकंदांच्या आसपास डोक्याच्या विरुद्ध बाजूला, वर-मागच्या भागावर, एन-20 नावाची ऋण लाट येते, एक-दोन मायक्रोव्होल्टची. ही नसेतून आलेली खरी वर्दी. पुढे 100 मिलिसेकंदांच्या सुमारास टाळूवर, म्हणजे माथ्यावर, मोठा ऋण खड्डा आणि 180-200 ला धन उंचवटा. देखणा आलेख, लगेच अहवालात घालावासा वाटतो. आता कॉइल मनगटापासून 15 सेंटिमीटर वर उचला, अंगठा हलत नाही याची खात्री करा आणि तेच 200 पल्स हवेत सोडा. एन-20 गायब. खड्डा आणि उंचवटा मात्र ऐटीत उभे. म्हणजे ज्याला 'बिंदूचा परिणाम' म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा कानाचा.

आणखी एक गंमत. 1 हर्ट्झवर हा खड्डा लहान दिसतो, कारण ओळीने येणाऱ्या आवाजाला मेंदू सरावतो. डेमो 1 हर्ट्झवरच दाखवतात. पल्समधलं अंतर तीन ते पाच सेकंदांत अनियमित करा, मग खरा आकार कळतो.

यावर पहिला उपाय फोमचे इअरप्लग. ते घालायचेच, कान सांभाळायला. पण पुरत नाहीत, कारण 'टक्' हवेतून येतो तसा टेबल, खुर्ची आणि हाडांतूनही येतो. दुसरा उपाय कानात खरखर सोडायची. साधी पांढरी खरखर (व्हाइट नॉइज) फारशी चालत नाही. त्याच कॉइलचा आवाज रेकॉर्ड करून त्याच्या वर्णपटाची खरखर बनवा. हवेत पल्स सोडत, समोरचा 'आता ऐकू येत नाही' म्हणेपर्यंत ती हळूहळू वाढवा, कानाला जाच होईल तिथवर नाही. हाताखाली फोमचा जाड तुकडा, कॉइल वेगळ्या स्टँडवर, स्टँडचा पाय खुर्चीला टेकता कामा नये. मूठ हातात धरून बसणारे सहायक इथे सर्वाधिक नुकसान करतात.

एवढं केल्यावर पाचव्या महिन्यात मत पुन्हा बदललं, अर्धा तारा परत दिला. खड्डा आक्रसतो, पण जात नाही; हातावरच्या धक्क्यालाही टाळू अशीच प्रतिक्रिया देते. म्हणून 100 मिलिसेकंदांपलीकडचं काहीही थेट बिंदूच्या नावावर टाकू नका. हवेतला आलेख वजा करा, दुसऱ्या नसेवरचा शेजारी ठेवा, मग बोला.

विश्रांतीच्या ईईजीत आवाज आणखी छुपा राहतो. 1 हर्ट्झ, 20 मिनिटं, 1200 पल्स, डोळे मिटलेले. आधी आणि नंतर मोजलं की अल्फा लहरी घटलेल्या, त्यांहून संथ थीटा लहरी वाढलेल्या, आणि सगळे खूश. पण मिटल्या डोळ्यांनी 20 मिनिटं संथ टक्-टक् ऐकणारा माणूस पेंगतो, आणि पेंग आली की हेच होतं! तेवढाच वेळ, तोच आवाज, कॉइल उचललेली, असं एक सत्र घेतल्याशिवाय आकडे पुढे सरकवू नका. दर दोन मिनिटांनी डोळे उघडायला लावले तर पेंग निम्मी कटते. मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांचं जाळं काढणाऱ्यांनी साध्या कोहेरन्सऐवजी (दोन लहरी किती जुळतात त्याचं माप) फेज-लॅग निर्देशांक (एकाच क्षणी, विलंबाशिवाय जुळणाऱ्या लहरी न मोजणारा) घ्यावा, नाहीतर एकाच उगमाचे दोन इलेक्ट्रोड 'जोडलेले' दिसतात. आधीच्या आणि नंतरच्या जाळ्यांत जोडण्यांची घनता सारखी ठेवा. 20 हर्ट्झच्या वर जबड्याचे आणि मानेचे स्नायू घुसतात, त्यांना मेंदूच्या बीटा लहरी समजू नका.

तापण्याबद्दल थोडक्यात. उष्णता आउटपुटच्या वर्गाने वाढते: 50 वरून 70 टक्के म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यामुळे सत्राच्या मध्येच मशीन 'कॉइल गरम' म्हणून थांबतं. थांबलेलं सत्र पुढे जोडू नका, नव्यानेच घ्या. मध्ये जाड कापड घालून उष्णता टाळायला गेलात तर पल्सच दुबळी पडते आणि आउटपुट वाढवावं लागतं, उरफाटा धंदा. दुसरी कॉइल घेणं महाग वाटतं, पण रद्द झालेल्या सत्रांचा हिशोब मांडला की तीच स्वस्त ठरते. काटकसर करायचीच तर चकचकीत स्टँडवर करा.

पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, गरोदरपण, अपस्माराचा इतिहास असेल तर सत्र नाही. अंगठी, घड्याळ, श्रवणयंत्र, बँकेचं कार्ड आधी बाजूला. गुडघ्यात धातू असेल तर झुसानली विसरा.

सहाव्या महिन्याच्या शेवटी 'टक्'ला किंचित खुळखुळ चिकटली. असा सूर बदलला की कॉइलच्या आतलं रेझिन तडकलं, वेढे सैल झाले असं समजा. अंगठा उडतोय म्हणून वापरत राहायचं नाही, त्याच दिवशी बाजूला ठेवायची. आमची सध्या खोक्यात आहे. वितरक म्हणतो आवाज हा मशीनचा स्वभाव आहे. नव्या आणि जुन्या कॉइलचे रेकॉर्ड केलेले आवाज शेजारी लावून दोन्ही वर्णपट त्याला पाठवले आहेत. कॉइल बदलून मिळाली तर साडेतीन तारे, नाहीतर हे तीनच.