आरटीटॉव्ह की सीआरटीएम? काळ्या जमिनीवर काम करणाऱ्यांसाठी

इन्सॅट उपग्रहाच्या थर्मल चॅनेलचं सिम्युलेशन करायचं तर आरटीटॉव्ह घ्यावं का सीआरटीएम (हवा-जमिनीच्या स्थितीवरून उपग्रहाला काय दिसेल ते काढणारी ही दोन मॉडेलं), हे एमएस्सी-पीएचडीच्या पोरांकडून सारखं विचारल्या जाते, म्हणून एकदा नीटच लिहितो. मी दोन्ही वापरले, डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलची प्रोफाइल (उंचीनुसार तापमान-वाफ) घेऊन यवतमाळ जिल्ह्यावर वापरले, आणि माझं मत त्याच कामातून बनलं. समुद्रावर काम करणाऱ्याचं मत वेगळं राहू शकते, आणि त्याच्या जागी तेही बरोबरच असेल.

आतलं तत्त्व दोघांचं एकच. लाईन-बाय-लाईन मॉडेलनं वायूंच्या शोषणाच्या रेषान् रेषांचा हिशेब एकदाच करून ठेवायचा, त्यातून प्रत्येक चॅनेलचे कोइफिशियंट (गुणांक) काढायचे आणि मग आपल्या प्रोफाइलला फक्त ते लावायचे, म्हणून तर साधा लॅपटॉपही अख्ख्या विदर्भाचं ग्रीड उरकते. वेगावरून भांडू नका. जॅकोबियन, अ‍ॅडजॉइंट (इनपुट बदललं तर उत्तर किती बदलते ते काढायची सोय) दोघांतही आहे, इन्सॅट-३डीच्या कोइफिशियंट फाइली दोघांकडेही मिळतात. आपल्या देशातही दोन्ही कामावर आहेत, एनसीएमआरडब्ल्यूएफ या हवामान अंदाज केंद्राच्या युनिफाइड मॉडेलच्या साखळीत आरटीटॉव्ह आणि जीएफएस-जीएसआयच्या (जीएफएस मॉडेल आणि त्यात निरीक्षणं मिसळणारं जीएसआय) साखळीत सीआरटीएम, त्यामुळं कोणतंही शिकलं तरी वाया जात नाही.

सीआरटीएमचं आधी सांगतो, कारण त्याचं चांगलं लोक कमी सांगतात. कोड खुला आहे, उतरवा आणि लॅबमधल्या पाच पोरांना वाटा, कोणाला विचारायचं काम नाही. आरटीटॉव्हही फुकटच आहे पण प्रत्येकाला आपलं रजिस्ट्रेशन करून लायसन्स मान्य करावं लागते, आपली कॉपी दुसऱ्याला देता येत नाही, आणि तालुक्याच्या कॉलेजात जिथं एकाच मशीनवर सगळे बसतात तिथं हे जरा अडचणीचं होते. ढगांतही सीआरटीएम दमदार वाटलं. त्याचा डबलिंग-अ‍ॅडिंगवाला सॉल्व्हर ढगातलं स्कॅटरिंग (किरणांचं विखुरणं) पूर्ण धरते. आरटीटॉव्हचा इन्फ्रारेडमधला झटपट मार्ग म्हणजे चौ-स्केलिंग नावाची पद्धत, त्यात स्कॅटरिंग अंदाजानं येते, अचूक पाहिजे तर डिस्क्रीट ऑर्डिनेट पद्धत आहे पण मग वेळ लागते. मार्च-एप्रिलच्या गारपिटीच्या ढगांवर कोणाचा विषय असेल तर मी सीआरटीएमला नाही म्हणणार नाही. बिग एंडियन, लिटल एंडियन (बाइटच्या क्रमाचे दोन प्रकार) अशा दोन-दोन फोल्डरमधून कोइफिशियंट फाइल निवडायची कटकट आहे, पण ती एकदाच.

माझा निर्णय मात्र जमिनीनं केला. १०.३ ते ११.३ मायक्रॉनचा टीआयआर-१ हा खिडकीतला (हवा किरणं कमी अडवते त्या पट्ट्यातला) थर्मल चॅनेल, हवा कोरडी असली की तो सरळ जमीनच पाहते, आणि आपल्याकडं जमीन वर्षभर एकसारखी राहतच नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हाळवाही होऊन नुसती काळी ढेकळं उघडी पडलेली, सप्टेंबरात त्याच वावरात पऱ्हाटी आणि सोयाबीन गच्च, आणि बाजूचं सागाचं जंगल उन्हाळ्यात पूर्ण निष्पर्ण. सीआरटीएमची आवृत्ती २ ची मालिका मी वापरली, तिच्यात इन्फ्रारेडची एमिसिव्हिटी (जमीन किती प्रमाणात उष्णतेचे किरण सोडते ते) जमिनीच्या प्रकारावरून तक्त्यातून येते, शेती म्हणजे शेती, मे असो का सप्टेंबर. व्हेजिटेशन फ्रॅक्शन (हिरवळीचं प्रमाण) देता येते पण तो मायक्रोवेव्हच्या कामाचा, इन्फ्रारेडला त्याचा उपयोग नाही. आता ११ मायक्रॉनवर उघड्या मातीची एमिसिव्हिटी ०.९६-०.९७ च्या घरात आणि हिरव्या पिकाची ०.९८-०.९९, आणि ३०० केल्विनच्या जमिनीला ०.०१ चा फरक म्हणजे जवळपास ०.७ केल्विन. पावसाळ्यात वरची वाफ यातलं बरंच झाकून टाकते, आकाशातून खाली येणारं रेडिएशन जमिनीवरून परावर्तित होऊन भरपाईही करते, पण मेच्या कोरड्या रात्री असं झाकायला कोणी नसते आणि तो फरक सरळ ब्राइटनेस टेम्परेचरमध्ये (उपग्रहाला दिसणाऱ्या तापमानात) उतरते. माझ्या नकाशात उन्हाळाभर शेतीचा पट्टा तापमानात एका बाजूला सरकलेला दिसायचा, पाऊस पडून वावरं हिरवी झाली की तोच पट्टा आपोआप जागेवर यायचा. एमिसिव्हिटी आपली आपण भरायची सोय सीआरटीएममध्ये आहे हे खरं, पण मग दर महिन्याचा तक्ता तुम्हीच बनवा, तुम्हीच तपासा, आणि तेच काम मला नकोसं झालं.

आरटीटॉव्हमध्ये हेच सरळ आहे. महिना आणि अक्षांश-रेखांश द्या, मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणावरून बनवलेल्या यूडब्ल्यू अ‍ॅटलासमधून नाहीतर कॅमल या दुसऱ्या अ‍ॅटलासमधून त्या चॅनेलची एमिसिव्हिटी निघते. पायथनचा रॅपर सोबतच येते, फोरट्रानला हातही न लावता पोरं पहिली रन काढतात. अ‍ॅटलासही काही देववाणी नव्हे, यूडब्ल्यूचं ग्रीड ०.१ अंशाचं म्हणजे साधारण अकरा किलोमीटर, टीआयआरचा पिक्सेल चार किलोमीटरचा, म्हणून टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला जंगल अन् वावर एकात मिसळते, आणि मृग कोरडा जाऊन पेरण्या लांबल्या तर त्याला कुठून कळणार. तरी ठरलेल्या तक्त्यापेक्षा मला तो कितीतरी बरा वाटला.

एक मात्र पाहून घ्या. डब्ल्यूआरएफचं स्किन टेम्परेचरच (जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान) दुपारी चार-पाच केल्विननं हुकलेलं असेल तर दोघांतलं कोणतंही मॉडेल तुम्हाला वाचवू शकत नाही, म्हणून तुलना रात्रीच्या नाहीतर पहाटेच्या चित्रावर करा. आणि विषय वाफेच्या चॅनेलचा असेल, ६.५ ते ७.१ मायक्रॉनवाल्या, तर जमीन त्याला बहुधा दिसतच नाही, तिथं मला दोघांत निवडण्यासारखं काही सापडलं नाही.

गाइड जीएसआयवाले असले तर सीआरटीएमच घ्या, त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त मार्च ते जूनच्या रनसाठी कॅमलचा महिनावार डेटा उतरवून एमिसिव्हिटी स्वतः भरा, आणि आधी एकाच कोरड्या, निरभ्र रात्रीवर दोन्ही प्रकारे चालवून फरक पाहा.