जीपीएस ट्रॅकर: काही महिने वापरल्यावरचा अनुभव, मुख्यतः अँटेनाच्या जोडाबद्दल

दुचाकीच्या सीटखाली बसवलेला हा छोटा ट्रॅकर कित्येक महिने रोज वापरतोय. बॅटरी टिकते, सिमचं नेटवर्क सहसा जात नाही, ॲप सुटसुटीत आहे. त्याबद्दल तक्रार नाही. सविस्तर लिहायचंय ते अँटेनाबद्दल, कारण या यंत्रावर भरवसा ठेवायचा की नाही हे अँटेनाची केबल बोर्डला जोडणाऱ्या जेमतेम ३ मिमीच्या एका कनेक्टरवर ठरतं.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. मग नकाशावरचा ठिपका अधूनमधून रस्ता सोडून भलतीकडेच उडी मारायला लागला आणि थोड्या वेळाने परत जागेवर यायचा. जीपीएस तुटलं की यंत्र मोबाईल टॉवरवरून अंदाजे ठिकाण पाठवतं. ते शेकडो मीटर, कधी त्याहूनही जास्त चुकतं. ग्राहक सेवेचं उत्तर होतं, रीस्टार्ट करा, मोकळ्या आकाशाखाली ठेवा. रीस्टार्टनंतर ठीक चालायचं, गाडी हलली की पुन्हा तेच.

हे 'गाडी हलली की' महत्त्वाचं निघालं. थंड सुरुवात करताना, म्हणजे आधीची माहिती जवळ नसताना, रिसीव्हरला प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती उतरवून घ्यावी लागते. ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते. मधेच सिग्नल तुटला तर राहिलेल्या भागासाठी पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. जोड सैल असेल तर खड्ड्याखड्ड्याला ही उतरवणी मोडते. म्हणून उभ्या गाडीत फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून काढलेलं ठिकाण, मिळायचा आणि चालत्या गाडीत मिळता मिळत नसे.

खात्री करून घ्यायला बोर्डवरच्या सिरीयल पिना यूएसबी कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडल्या आणि एनएमईएचं आउटपुट, म्हणजे रिसीव्हर ओळीओळीने पाठवतो ती माहिती, वाचलं. त्यातल्या जीएसव्ही ओळींमध्ये प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलचा आकडा असतो. मोकळ्यावर वरचे उपग्रह ४० च्या पुढे दिसले तर उत्तम, सगळेच २५ च्या खाली असतील तर काहीतरी बिघडलंय. इमारत आड आली की त्या बाजूचेच उपग्रह पडतात. माझ्याकडे सगळे आकडे एकदम कोसळत होते आणि एकदम वर येत होते. आकाश असं वागत नाही. प्लास्टिकच्या काडीने कनेक्टरची टोपी (केबलच्या टोकाचा, बोर्डच्या सॉकेटवर दाबून बसणारा भाग) हलकेच दाबली, तर विशीतले आकडे चाळिशीत गेले. काडी उचलली, परत विशीत.

हा दोष फसवा आहे, कारण जोड पूर्ण मरत नाही. १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल मधल्या पिनेचा संपर्क नसतानाही थोडाफार झिरपतो, त्यामुळे फिक्स कधीकधी मिळतोच आणि संशय बोर्डवरच्या जीपीएस मॉड्यूलवर जातो. मुळात २०,००० किमीहून अधिक उंचीवरून येणारा हा सिग्नल जमिनीवर साधारण उणे १३० डीबीएम, म्हणजे अगदी क्षीण असतो. त्यात गमवायला काही उरलेलं नसतं.

माझी अँटेना ॲक्टिव्ह आहे, म्हणजे तिच्यातल्या ॲम्प्लिफायरला वीज त्याच केबलमधून जाते. मल्टिमीटरने बोर्डच्या सॉकेटवर ३ व्होल्टच्या आसपास मिळाले, म्हणजे बोर्ड ठीक. आता संशय केबलच्या टोकावरच उरला. भिंगाखाली टोपीची कड एका बाजूने फाकलेली दिसली. केबल कव्हरच्या काठाखाली दबून वर उचलली जात होती. प्रत्येक धक्क्याला जोड ओढला जायचा. ही मांडणी कंपनीची आहे, आणि गाडीत बसवायच्या वस्तूत ती चालवून घ्यायला नको होती.

नवी अँटेना घेतली. जुनी टोपी केबलला धरून न ओढता कडेखाली पातळ हुक घालून सरळ वर काढली. अशा कनेक्टरचं आयुष्य साधारण ३० वेळा काढघाल करण्याइतकंच असतं, तेव्हा 'बघू तरी' म्हणून उगाच उघडू नये. नवी टोपी 'टक्' आवाजाने बसल्यावर केबलला थोडी ढील देऊन वळवली आणि कव्हरची कड तिथे किंचित तासली. केबलवर न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणाऱ्या) सिलिकॉनचा थेंब ठेवला. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे अजिबात नको, ते तांब्याला खातं. अँटेनाची सिरॅमिक बाजू वर आणि तिच्यावर धातू नाही, हेही पाहून घेतलं.

तेव्हापासून ठिपका रस्त्यावरच आहे. खराब रस्त्यावरून आल्यावर मुद्दाम आकडे तपासले, तेही चाळिशीतच होते.

हे मॉडेल घ्यावं का? गाडीत एका जागी बसवणार असाल आणि स्वतः कव्हर उघडायची तयारी असेल, तर घ्या. ती तयारी नसेल तर अँटेना बोर्डवरच सोल्डर केलेलं मॉडेल शोधा. घेतलंच तर वॉरंटीत असतानाच खडबडीत रस्त्यावर फिरवून त्या फेरीचा नकाशा बघा. ठिपका उड्या मारत असेल तर स्क्रीनशॉट जोडून बदली मागा, आणि तोवर कव्हर उघडू नका.