रोमचे कॅटॅकोम्ब, अर्ध्या दिवसाची सहल: बसला दोन तारे, भुयाराला पाच

आधी माझ्याबद्दल, म्हणजे परीक्षण कोणत्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. मी वसईचा, जन्माने कॅथलिक. एका पतसंस्थेत ३१ वर्षं लोकांच्या ठेवी सांभाळून निवृत्त झालो. बायकोची रोम बघायची फार इच्छा होती, म्हणून यंदा गेलो. पुतण्याने ऑनलाइन शोधून ‘ख्रिस्ती रोम’ नावाची अर्ध्या दिवसाची बससहल बुक करून दिली. माणशी ५५ युरो. कंपनीचं नाव लिहीत नाही, तशा तिथे पन्नास आहेत.

बसचे तीन तारे कुठे गेले ते सांगतो. एक तारा उशिरासाठी आणि वाटेत चामड्याच्या पिशव्यांच्या दुकानात फुकट घालवलेल्या ३५ मिनिटांसाठी कापला. दुसरा आणि तिसरा बसमधल्या गाइडबाईंच्या गोष्टींसाठी. भुयारं ज्याच्या कडेला आहेत तो जुना आपिया रस्ता येईपर्यंत त्या माइकवर रंगवून सांगत होत्या, की रोमन सम्राट नीरोचे सैनिक मागे लागले तेव्हा ख्रिस्ती लोक या भुयारांत लपले आणि तीनशे वर्षं तिथेच राहिले. लहानपणी कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही हेच ऐकलं होतं, त्यामुळे मान डोलावली.

सान कॅलिस्तो नावाच्या कॅटॅकोम्बला, म्हणजे या भुयारांपाशी, पोचलो की मात्र बसचा गाइड बाहेर राहतो. आत तिथलाच माणूस आपल्याला नेतो. आमच्या वाट्याला आलेले वयस्कर गृहस्थ जिना उतरायच्या आधीच म्हणाले, “इथे कोणी राहिलं नाही, कोणी लपलं नाही. ही दफनभूमी आहे.” नीरो मेला इसवी सन ६८ मध्ये. ही भुयारं खोदायला सुरुवात झाली दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. शहराच्या हद्दीत मयत पुरायला रोमन कायद्याने बंदी होती, म्हणून सगळ्याच धर्मांची थडगी वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला. जमिनीची टंचाई, पण खालचा तुफा दगड मऊ आणि हवा लागली की घट्ट होणारा. म्हणून लोक खाली खोदत गेले. आज बोगद्यांची लांबी सुमारे २० किलोमीटर भरते, तीही चार मजल्यांत. आपल्याला त्यातला चिमूटभर भाग दाखवतात.

दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकावर एक खाचा, आमच्या जुन्या शाखेतल्या फायलींच्या मांडणीसारख्या. कफनात गुंडाळलेला देह आत सरकवायचा आणि तोंडावर संगमरवराची फळी किंवा कौलं लावून चुन्याने बंद करायचं. कित्येक खाचा हातभर लांबीच्या आहेत. त्या मुलांच्या. बायको तिथून पुढे काही बोलली नाही.

आणि मग त्यांनी फळ्यांवर कोरलेला एक शब्द समजावला, ज्यासाठी मी पुन्हा ५५ युरो देईन: ‘देपोझितुस’. म्हणजे ठेवलेला. ख्रिस्ती माणूस पुरला जात नाही, पुनरुत्थानापर्यंत ठेव म्हणून ठेवला जातो. आयुष्यभर ज्या शब्दाच्या पावत्या फाडल्या तो इथे थडग्यावर! वय वर्षं, महिने, दिवस असं मोजून कोरलेलं. आम्ही व्याज काढायचो तसं. ठेवल्याचा दिवस कोरलेला, साल बहुतेक वेळा नाही. मुदत कुठेच नाही.

ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते तो कॅलिस्तुस तर आमच्याच धंद्यातला. मूळचा गुलाम. मालकाने भांडवल देऊन त्याला पेढी काढून दिली, विधवांनी आणि मंडळींनी विश्वासाने पैसे ठेवले आणि पेढी बुडाली. हा पळाला, जहाजावरून समुद्रात उडी मारली, पकडला गेला, आधी चक्कीवर जुंपला आणि पुढे सार्डिनियाच्या खाणीत गेला. सम्राट कोमोदुसच्या मार्शिया नावाच्या रखेलीने ख्रिस्ती कैद्यांची सुटका करवली, त्यात हाही सुटला. आणि अशा माणसाकडे, साधारण १९९ मध्ये, ख्रिस्तसभेने दफनभूमीचा कारभार दिला. २१७ मध्ये तो पोप झाला. ही हकीकत लिहून ठेवली ती त्याचा कट्टर विरोधक हिपोलितुस याने, त्यामुळे थोडी वजावट करून वाचावी. पुढे दोघेही संत झाले! कॅलिस्तुसचं थडगं मात्र इथे नाही, ते आउरेलिया रस्त्यावर.

पोपांच्या कोठडीत आवर्जून वेळ काढा. तिसऱ्या शतकातले नऊ पोप इथे ठेवले गेले. पोंतियानुस, फाबियानुस वगैरेंची नावं कोरली आहेत ती ग्रीकमध्ये. राजधानी रोम, पण तिथल्या ख्रिस्ती लोकांची भाषा बराच काळ ग्रीक: पूर्वेकडून आलेले व्यापारी, कारागीर, गुलाम. फाबियानुस २५० मध्ये गेला. सम्राट देकियुसने हुकूम काढला होता, की प्रत्येकाने देवांना बळी वाहावा आणि तसा दाखला घ्यावा. काहींनी बळी न वाहता चिरीमिरी देऊन दाखले मिळवले. सरकारी दाखल्याचं हे गणित आपल्याला वेगळं सांगायला नको.

बसमधल्या बाई ख्रिस्ती धर्म वाढल्याचं सगळं श्रेय सम्राट कॉन्स्टंटाइनला देऊन मोकळ्या झाल्या. ३१२ ची मिल्व्हियन पुलावरची लढाई, आकाशातला क्रूस, ३१३ ची मिलानची धर्म पाळायची मोकळीक, संपलं. पण त्याच्या साठ वर्षं आधी, २५१ मध्ये, पोप कॉर्नेलियुसने पत्रात रोमच्या ख्रिस्तसभेचा हिशेबच दिलाय: ४६ धर्मगुरू, ७ डीकन (धर्मगुरूंच्या हाताखालचे सेवक), आणि दीड हजाराहून जास्त विधवा व गरजू, ज्यांना ख्रिस्तसभा पोसत होती. सम्राट व्हॅलेरियनने २५७ मध्ये या दफनभूमींत पाऊल ठेवायला बंदी केली, पुढच्या वर्षी इथेच पोप सिक्स्तुस दुसरा याला पकडून मारलं. व्हॅलेरियनच्या मुलाने, गालिएनुसने, जागा परत केल्या. परत करायला जागा होत्या, हे लक्षात घ्या. छळही सलग तीनशे वर्षं चालला नाही, उसळायचा आणि शमायचा. मधल्या काळात मयताची सोय आणि विधवेची भाकरी चालू राहिली. पुढे जुने देव परत आणू पाहणारा सम्राट जुलियन चिडून लिहितो, की हे लोक स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही. मला विचाराल तर वाढ इथे झाली. कॉन्स्टंटाइनला चालू खातं मिळालं.

संत सिसिलियाच्या कोठडीतला संगमरवरी पुतळा नक्कल आहे. शिल्पकार माडेर्नोने केलेला मूळ पुतळा रोमच्याच त्रास्तेवेरे भागातल्या चर्चमध्ये आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी तोही पाहिला; सिसिलिया गाणाऱ्यांची संत आणि बायको आमच्या क्वायरमध्ये गाते म्हणून.

जाणार असाल तर कंपनीची बस घेऊ नका, शहरातून ११८ नंबरची बस जाते. बुधवारी बंद असतं. तिकीट साधारण १० युरो, त्यातच गाइड. फोटोला मनाई. बाहेर कितीही ऊन असलं तरी स्वेटर न्या, आणि गुडघे कुरकुरत असतील तर जिन्याचा कठडा सोडू नका, पायऱ्या बऱ्याच आहेत. दुपारची वेळ घेतलीत तर जेवून जा. आम्ही पिशव्यांच्या दुकानामुळे उपाशी राहिलो.