गांडुळाचं मॉडेल: आतडं भारी, बाकी जरा गडबड

गांडुळाच्या आतल्या रचनेचं हे प्लास्टिक मॉडेल शिकवायला घेतलं आणि खरं सांगायचं तर पैसे वसूल होतात ते गिझर्डपाशी. तो भाग सुटा निघतो, जाड स्नायूंची भिंत बोटाला लागते, शेजारी क्रॉप ठेवला की फरक लगेच कळतो, म्हणजे क्रॉप ही पातळ पिशवी, अन्न नुसतं साठवायला, आणि गिझर्ड म्हणजे चक्क जातं, तोंडात दात नाहीत ना, मग मातीसोबत गिळलेले वाळूचे कण इथेच दळायच्या कामी येतात.

आतडं तर मस्तच केलंय. कापलेल्या बाजूने बघितलं की वरून आत लोंबणारी टिफ्लोसोलची घडी वेगळ्या रंगात दिसते, ह्या घडीमुळे अन्न शोषायला जास्त जागा मिळते, तक्त्यांमध्ये बरेचदा नुसती सरळ नळी काढून मोकळे होतात.

आता वैताग. बॉक्सवर नाव लुम्ब्रिकस ह्या गांडुळाच्या प्रकाराचं, क्रॉप-गिझर्ड पण त्याच्याच जागी, 15 ते 18 खंडांत (खंड म्हणजे अंगावरची कडी), आणि क्लायटेलम, म्हणजे अंगाभोवतीचा जाडसर पट्टा, मात्र 14 ते 16 वर! तो फेरेटिमा ह्या दुसऱ्या गांडुळाचा हो, लुम्ब्रिकसचा साधारण 32 ते 37 वर असतो. दोन गांडुळं जोडून एक केलंय राव. हृदयाच्या पाच जोड्यांऐवजी लेबलवर ‘पाच हृदये’ लिहिलंय ते वेगळंच.

मॅग्नेट पण वीक आहेत, उभं धरलं की ग्रसनी (तोंडामागचा घशाचा भाग) खाली पडते. पाचपैकी तीन स्टार, तेही आतड्यासाठी.