माल चोख, पण माणसे टिकत नाहीत: तयार कपड्यांच्या एका मोठ्या दालनाविषयी

कापडाचा पोत, शिलाई आणि मापांची विविधता या बाबतींत या दालनाला नावे ठेवायला जागा नाही. किमतीही वाजवी आहेत. तरीही पाचपैकी तीनच गुण देतो, कारण इथली उणीव कपड्यांत नसून ते विकणाऱ्या माणसांना दुकान ज्या रीतीने वागवते त्या रीतीत आहे.

दर खेपेला बहुतेक चेहरे नवे असतात. हवे ते माप रॅकवर दिसले नाही, तर ते गोदामात आहे की संपले, हे खात्रीने सांगणारे कोणी भेटत नाही. ट्रायल रूमबाहेर नापसंत कपड्यांचा ढीग साचलेला असतो आणि तो जागच्या जागी लावायला हात नसल्यामुळे संगणकात शिल्लक दिसणारा शर्ट गिऱ्हाइकाला मिळत नाही. बिलिंगचे एखादेच काउंटर चालू असते. तिथला मुलगा रांगेतल्यांचा राग झेलत असतानाच प्रत्येकाला सदस्यत्वाचे कार्ड घेण्याचा आग्रहही करतो, कारण त्याचे टार्गेट त्याला पुरे करायचे असते.

‘हल्ली चांगली माणसे मिळतच नाहीत’ हे व्यवस्थापकांचे ठरलेले उत्तर मला पटत नाही. मिळतात, पण राहत नाहीत. माझे माप आणि आवड लक्षात ठेवणारी एक विक्रेती इथे होती. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या ऐनवेळी बदलतात, विक्री मंदावली की कामाचे तास आणि त्यांबरोबर पगारही कापला जातो, आणि अनुभवी माणसाला नवख्याहून फारसे अधिक मिळत नाही, असे तिने एकदा बोलता बोलता सांगितले होते. आता ती दिसत नाही.

पगाराचा खर्च दर महिन्याला हिशेबात ठळक दिसतो. माप न सापडल्याने रिकाम्या हाताने परतलेल्या गिऱ्हाइकाची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. त्यामुळे विक्री घटली की माणसे कमी केली जातात, माणसे कमी झाली की माल गोदामातच अडकतो, आणि विक्री आणखी घटते. याउलट अमेरिकेत गॅप या तयार कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरांतील २८ दुकानांवर २०१५-१६ मध्ये संशोधकांनी केलेल्या प्रयोगात, जिथे पाळ्या अधिक स्थिर करण्यात आल्या, तिथली विक्री इतर दुकानांच्या तुलनेत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. केवळ पाळ्या सावरून वेतनाचा प्रश्न सुटणार नाही हे खरे, परंतु या दालनाने निदान दोन आठवड्यांचे वेळापत्रक आधी लावून ते पाळायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

तोवर इथे जायचेच असेल, तर गर्दी नसलेल्या वारी सकाळी जावे, आपले माप आधी ठाऊक असू द्यावे आणि कपडा बदलून घ्यायचा झाल्यास पावतीवरचा नियम स्वतः वाचून जावे, कारण तो काउंटरवरच्या नव्या माणसाला कोणी सांगितलेला असेलच असे नाही.