पद्मिनी गरम झाली की उचलत नाही? सकाळी डिलिव्हरी घेऊ नका

नागपुरात एका जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या मालकाकडून कार्बोरेटर, एसी पंप (इंजिनावर चालणारा पेट्रोल पंप, एअर कंडिशनरचा नव्हे) आणि ‘हेड काम’ (इंजिनाचा वरचा भाग उघडून केलेलं) मिळून 18,500 रुपये उकळले गेले. तक्रार एवढीच, की सीताबर्डीत गाडी लावून पंधरा मिनिटांनी परतलं तर सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही. गॅरेजने गाडी सकाळी सात वाजता ताब्यात दिली. एका सेल्फात सुरू! होणारच, रात्रभर थंड झालेली ही गाडी आधीही तशीच सुरू व्हायची. सगळी हातचलाखी त्या वेळेत आहे.

इंजिन बंद झालं की पंखा आणि वॉटर पंप थांबतात, धग मात्र कार्बोरेटरकडे चढत राहते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तर विचारूच नका. फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उकळून इंजिनात जाणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये उतरतं, नाहीतर पंपात आणि पाइपात वाफ धरून कार्बोरेटर कोरडा पडतो. दोन्हींचे इलाज वेगळे.

म्हणून गाडी चांगली तापवा, बंद करून पंधरा मिनिटं थांबा. एअर फिल्टर काढा, इग्निशन बंद ठेवून थ्रॉटल हाताने ओढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघा. पेट्रोलची धार आली नाही तर एसी पंपावर ओला फडका ठेवा. थोड्या वेळाने गाडी उचलली तर वाफच होती. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब घ्या. धार येते, पेट्रोलचा वास येतो, प्लग ओले आहेत, तर ओव्हरफ्लो. चोक नको, पंपिंग नको. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ पाच-सात सेकंद मारा. काळा धूर सोडत सुरू झाली की वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह आणि फ्लोटची लेव्हल तपासा. धार आहे, प्लग ओले नाहीत, तर गरम असतानाच स्पार्क बघा. तो मरतुकडा असेल तर दोष इग्निशनच्या कॉइलचा किंवा कंडेन्सरचा. स्पार्क बघण्याआधी सांडलेलं पेट्रोल पुसा आणि वाफ उडू द्या. हेड उघडायचं कारण यात कुठेच नाही.

या गाडीत तर उलटा प्रकार झाला. नवा कार्बोरेटर बसवताना खालचा जाड बेकलाइटचा इन्सुलेटर गायब, त्या जागी कागदी पॅकिंग. म्हणजे धग अडवणारी वस्तूच काढली. काही जण एसी पंपाऐवजी इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावतात, ते आणखी वाईट: तो पेट्रोल 40 पीएसआयच्या वर दाबाने ढकलतो, कार्बोरेटरला दोन ते चार पुरतात. नीडल तो दाब धरत नाही, पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडतं.

जुने पार्ट पोत्यात बांधून मागा, इन्सुलेटर मोजून घ्या. डिलिव्हरी दुपारी दोनला: वर्धा रोडवर अर्धा तास फिरवून, गॅरेजसमोर पंधरा मिनिटं बंद ठेवून सुरू करून दाखवली, तरच पैसे.